कंपवाताच्या गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज

मागच्या महिन्यात रात्री अकराला मिरजेहून काकूचा फोन आला. "अगं, आप्पांना कुशीवर वळता येईना झालंय. लाकडासारखे पडलेत. पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नाही." आप्पा म्हणजे माझे मोठे काका. वय ७४, कंपवाताला, म्हणजे पार्किन्सन्सला, आठ वर्षं झाली. गोळी कधी दिली होतीस, असं विचारलं तर काकू गप्प. मग हळूच म्हणाली, "परवापासून बंद केल्यात. तो मेसेज आला होता ना. तुलाही पाठवला होता मी. त्यात प्रोटीन-बिटीन सगळं शास्त्रीय लिहिलंय."

पाठवला होता खरा. मी न वाचताच पुढे सरकले होते, आणि ते मला अजून लागून राहिलंय. आता त्यातला शब्दन् शब्द वाचलाय. म्हणणं असं: कंपवात म्हणजे मेंदूत प्रोटीन साचणं, म्हणून डाळी, दूध, अंडी बंद करा. गोळ्या म्हणजे सावकाश भिनणारं विष. हातपाय आखडतात आणि बुद्धी जाते ती त्यांच्यामुळेच. त्याऐवजी कवचबीज चूर्ण आणि हळदीचं दूध घ्या, ४० दिवसांत साचलेलं विरघळतं. आणि थोडाफार कंप, थोडाफार विसर वयोमानाने राहणारच.

आधी गोळ्यांचं, कारण जीव त्यात जातो.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन बनवतात आणि हालचाल सुरळीत ठेवतात. कंपवातात त्या मरत जातात. लिव्होडोपाची गोळी मेंदूत पोचून डोपामिन होते आणि ती तूट काही तास भरून काढते. अनेक वर्षं हा आधार घेतलेल्या माणसाची गोळी एका दिवसात बंद केली, तर अंग ताठरतं, गिळणं अडतं, घास फुप्फुसात जाऊ शकतो. काहींना सणकून ताप चढतो, शुद्ध हरपते, स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण येतो. यात माणसं दगावतात. आप्पांना ताप चढायच्या आत दवाखान्यात नेलं, नळीने औषध सुरू केलं, म्हणून ते आज घरी आहेत. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

गोळ्यांनीच आजार वाढतो, ही समजूत कुठून आली ते मला कळतं. काही वर्षांनी गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच ओसरायला लागतो, किंवा असर चढला की मान-हात आपोआप वळवळतात. बघणाऱ्याला वाटतं, गोळीनेच केलं. याची फार चांगली पडताळणी झाली आहे. मिलानच्या डॉक्टरांनी घानामधल्या रुग्णांची इटलीतल्या रुग्णांशी तुलना केली. ते संशोधन २०१४ साली 'ब्रेन' या नियतकालिकात आलं. घानात औषध सहज मिळत नव्हतं, परवडत नव्हतं. तिथल्यांनी लिव्होडोपा सुरू केलं ते आजार लागल्यावर सरासरी ४.२ वर्षांनी, इटलीत २.४ वर्षांनी. गोळी हेच विष असतं, तर उशिरा सुरू करणाऱ्यांना हे त्रास उशिरा व्हायला हवे होते. तसं झालं नाही. दोन्ही देशांत ते आजार लागल्यापासून साधारण तेवढ्याच काळाने सुरू झाले. म्हणजे घड्याळ आजाराचं चालतं, गोळीचं नाही. उशीर करून घानातल्यांनी काय मिळवलं? चांगली गेली असती अशी दोन वर्षं आखडून काढली. डोस जास्त असेल तर वळवळ वाढते, हे त्याच संशोधनात आहे आणि ते मान्य. त्यावर उपाय डोस बदलून घेणं हा आहे, तोही डॉक्टरांकडून.

आता कवचबीज, म्हणजे आपली खाजकुयली. इथे मेसेजवाल्याच्या हाती अर्धं सत्य लागलंय. तिच्या बियांत खरंच लिव्होडोपा असतं. १९३७ मध्येच मद्रासच्या दोघा संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं होतं. पण मग गोळीतलं लिव्होडोपा विष आणि बीमधलं तेच लिव्होडोपा अमृत कसं? गोळीत सोबत कार्बिडोपा असतं. त्यामुळे औषध वाटेत रक्तातच खर्ची न पडता मेंदूपर्यंत पोचतं. चूर्णात ते नाही, म्हणून मळमळ होते, रक्तदाब पडतो. आणि एका पुडीत लिव्होडोपा किती आणि दुसरीत किती, याचा भरवसा नाही. घानात काम केलेल्या त्याच मिलानच्या गटाने ही बी मनापासून तपासली, गरीब देशांतल्या रुग्णांना स्वस्त औषध मिळावं म्हणून. एका डोसपुरता परिणाम चांगला दिसला. मग १६ आठवड्यांच्या चाचणीत १४ जणांना रोज द्यायची ठरली, तर निम्म्यांनी मधेच सोडली: कुणाचं पोट बिघडलं, कुणाची हालचाल आणखी अडखळली. बीच्या बाजूने असलेल्या लोकांनीच हे प्रामाणिकपणे छापलं आहे.

डाळ बंद करायचा सल्ला वाचून मात्र माझा संताप झाला. मेंदूत साचतं ते अल्फा-सिन्यूक्लीन, १४० अमिनो आम्लांची साखळी. ती मेंदूच्या पेशी आपल्या आपणच बनवतात, सगळ्यांच्याच मेंदूत असते. आजारात तिची घडी चुकते आणि तिचे गोळे होतात. १९९७ मध्ये हे दोन बाजूंनी पक्कं झालं: एका इटालियन घराण्यात तिच्या जनुकातला दोष सापडला, आणि रुग्णांच्या मेंदूतले ते गोळे तिचेच असल्याचं दिसलं. वरणातलं प्रोटीन पोटात मोडून सुटं होतं. ते तसंच उठून मेंदूत जाऊन बसत नाही. खरं आहे ते एवढंच, की लिव्होडोपा हेही एक अमिनो आम्ल असल्याने आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर जेवणातल्या प्रोटीनशी त्याची रेटारेटी होते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, आजार फार पुढे गेलेल्यांनी प्रोटीनचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायचा. वेळ सांभाळायची, वरण सोडायचं नाही. कंपवातात वजन आधीच उतरतं. आप्पांची मनगटं पाहिलीत तर डाळ बंद करा म्हणायची जीभ होणार नाही.

हळदीबद्दल फार लिहीत नाही. दूध बंद करायला सांगून हळदीचं दूध घ्यायला सांगणाऱ्याने आपला मेसेज स्वतःही वाचलेला नाही. परीक्षानळीत काय होतं ते वेगळं. खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तातच जेमतेम उतरतं. मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लीनला पकडायला मुद्दाम घडवलेल्या दोन प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडी औषधांच्या) चाचण्या २०२२ मध्ये छापून आल्या, दोन्हींत मुख्य अपेक्षित परिणाम दिसला नाही. मग हळद ४० दिवसांत काय विरघळवणार?

राहिलं बुद्धीचं. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये हा आजार लिहून ठेवला, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं म्हटलं होतं. ते सगळ्यांच्या बाबतीत खरं ठरलं नाही. प्रोटीनचे तेच गोळे पुढे मेंदूच्या वरच्या भागातही होतात. विचार मंदावतात, लक्ष टिकत नाही, भास होतात. हा आजाराचाच भाग आहे, आणि नुसतं वय म्हणून सोडून द्यायचा तर मुळीच नाही. भास गोळ्यांनीही वाढतात, हे खरं. आप्पांना वर्षापूर्वी संध्याकाळी कपाटाजवळ दोन लहान मुलं बसलेली दिसायची. "त्यांना खाऊ दे गं," असं काकूला सांगायचे. न्यूरॉलॉजिस्टनी बाकीच्या औषधांपैकी एक हळूहळू कमी केलं, लिव्होडोपा तसंच ठेवलं, आणि मुलं यायची थांबली. त्यासाठी काकूने महिनाभर कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन गोष्टी लिहिल्या होत्या: गोळी किती वाजता दिली, मुलं किती वाजता आली.

ते लिहिणं तिने आता पुन्हा सुरू केलंय. सकाळची गोळी साडेसहाला, पोहे सात वाजता. तो मेसेज ज्या ग्रुपवर आला होता, तिथे हे सगळं मी आजच टाकतेय.