अंगात कुठे धातू आहे का?

गेली अनेक वर्षे मी परिचारिका म्हणून एका विशिष्ट कामात आहे. माजी सैनिकांच्या शरीरात जी उपकरणे बसवली जातात, त्या शस्त्रक्रियांच्या समन्वयाचे हे काम आहे. त्यात पेसमेकर असतो, कृत्रिम खुबा आणि गुडघा असतो, ऐकू येण्यासाठी कानात बसवले जाणारे कॉक्लियर इम्प्लांट असते, आणि अलीकडे सर्वांत जास्त असतो तो जुनाट वेदनेसाठी मज्जारज्जूलगत बसवला जाणारा स्टिम्युलेटर. माझे काम ऐकल्यावर बहुतेक लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही तारखा देता?" तारखा मी देतेच. परंतु ती तारीख ठरण्याआधी आणि उलटून गेल्यानंतर जे काही घडते, त्यावरच ती शस्त्रक्रिया रुग्णाच्या कामी येणार की नाही, हे पुष्कळदा ठरते. हे काम ज्याला वेळ असेल त्याने, पाळीपाळीने, एका छापील फॉर्मवरून उरकावे, असा विचार आता ठिकठिकाणी बळावू लागला आहे. मला तो विचार रुग्णांसाठी धोक्याचा वाटतो, आणि तसे का वाटते हे सविस्तर सांगावे म्हणून लिहीत आहे.

सत्तरीकडे झुकलेल्या एका माजी सैनिकांचा एमआरआय दुसऱ्या दिवशी ठरलेला होता. पाठीत स्टिम्युलेटर बसवण्यापूर्वी मज्जारज्जूभोवती पुरेशी जागा आहे का, हे त्यातून पाहायचे होते. फॉर्मवर "शरीरात धातूची वस्तू आहे का" या प्रश्नापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने "नाही" असे लिहिले होते. मी फोनवर तोच प्रश्न विचारला, आणि उत्तर तेच आले. मग मी विचारले, "साहेब, नोकरीत असताना कधी जखमी झाला होतात का?" ते म्हणाले, "किरकोळ." मी विचारले, "टाके पडले होते?" त्यावर ते म्हणाले, "टाके कशाला, सिस्टर? तुकडे बारीक होते. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, काही करत नाहीत." तीन तुकडे मांडीत होते आणि एक गालाच्या वर, डोळ्याच्या खाली. एमआरआयच्या आधी क्ष-किरण तपासणी करून घेतली, तेव्हा तो चौथा तुकडा डोळ्याच्या खोबणीला अगदी लागून दिसला. एमआरआयचे यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक असते. लोखंडी तुकडा जुना असला आणि त्याच्याभोवती व्रणाची गाठ बांधली गेली असली, तर तो सहसा हलत नाही. पण डोळा, मज्जारज्जू किंवा मोठी रक्तवाहिनी यांच्याजवळ असलेल्या तुकड्याच्या बाबतीत "सहसा" या शब्दावर कोणी विसंबत नाही. एमआरआय रद्द झाला आणि आवश्यक ती माहिती सीटी स्कॅनमधून मिळवण्यात आली.

त्या गृहस्थांनी काहीही लपवले नव्हते. धातूची वस्तू म्हणजे डॉक्टरांनी मुद्दाम बसवलेली पट्टी किंवा स्क्रू, असा त्यांनी त्या प्रश्नाचा अर्थ घेतला होता. चाळीस वर्षे अंगात राहिलेले छर्रे त्यांच्या लेखी त्यांच्या हाडामांसाचाच भाग झाले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी जखमेविषयी विचारते आणि मग धातूविषयी. फॉर्ममध्ये हा क्रम नाही. तो प्रत्यक्ष बोलण्यातूनच सापडतो.

सैनिकाच्या शरीरात अडकलेल्या तुकड्यांनी वैद्यकशास्त्राला एकदा फार मोठी गोष्ट शिकवली आहे, आणि ती या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला वाटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकांच्या विमानांची पारदर्शक छते फुटून त्यांचे कण डोळ्यांत घुसत. नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले की, त्या अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे कण डोळ्यात राहूनही डोळा फारसा चिडत नाही, काचेसारखाच तोही पदार्थ शांतपणे पडून राहतो. त्या निरीक्षणातून नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. आज जगभर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग बसवणे ही नित्याची बाब आहे, आणि तिचे मूळ जखमी वैमानिकांच्या डोळ्यांकडे कोणीतरी बारकाईने पाहिले यात आहे.

पुन्हा माझ्या टेबलाकडे येते. माजी सैनिकांबरोबर काम करताना सर्वांत अवघड जाते ते वेदनेचे मोजमाप. शून्य ते दहा या मापावर वेदना किती, असे विचारले की अनेक जण "चार" म्हणतात. तेच गृहस्थ रात्री दोन तासांपेक्षा जास्त झोपलेले नसतात, आणि जिना उतरताना एकेका पायरीवर थांबलेले असतात. तक्रार करणे म्हणजे आपले ओझे शेजारच्या सोबत्यावर टाकणे, ही शिकवण तरुणपणी इतकी खोल रुजलेली असते की, निवृत्तीला तीस वर्षे झाली तरी ती जात नाही. या सवयीबद्दल माझ्या मनात आदरच आहे, परंतु स्टिम्युलेटरच्या बाबतीत तिच्यामुळे सगळा निर्णयच चुकू शकतो.

हे उपकरण कसे काम करते ते थोडक्यात सांगते. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवले जाऊ शकतात, हा सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला, आणि १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी त्याच्या आधाराने मज्जारज्जूला सौम्य विद्युतप्रवाह देणारे पहिले उपकरण रुग्णाला बसवले. आजही कायमचे उपकरण बसवण्यापूर्वी चाचणी घेतली जाते. बारीक तारा पाठीतून आत सरकवतात, बॅटरी शरीराबाहेर कमरेला बांधतात, आणि रुग्ण साधारण आठवडाभर घरी नेहमीचे आयुष्य जगतो. वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली, तर पुढे जायचे असा सर्वसाधारण संकेत आहे. आता ज्या माणसाने सुरुवातीलाच आठ असलेली वेदना चार सांगितली, त्याची वेदना खरोखर निम्मी झाली तरी तो पुन्हा "चार" म्हणणार, आणि कागदावर चाचणी फसली असे दिसणार.

म्हणून मी मापाच्या आकड्यासोबत नेहमी कामे लिहून घेते. किती वेळ सलग उभे राहता, बुटाची नाडी कोण बांधते, रात्री किती वेळा उठता, नातवंडाला शेवटचे कधी उचलले होते, असे प्रश्न विचारते. आणि शक्य असेल तिथे घरातल्या माणसाशी वेगळे बोलते, अर्थात रुग्णाची परवानगी घेऊनच. एका बाईंनी चाचणीच्या चौथ्या दिवशी मला सांगितले, "सिस्टर, ते म्हणतात फरक नाही. पण काल रात्री ते झोपले होते आणि मी जागी होते, कारण इतकी शांतता मला सवयीची राहिली नाही." त्या एका वाक्यानंतर आम्ही पती-पत्नींना एकत्र बसवून पहिल्या दिवशीची नोंद वाचून दाखवली, आणि त्या गृहस्थांनी बऱ्याच वेळाने मान्य केले की, पहिला आकडा त्यांनी कमी सांगितला होता.

तयारीचा बाकीचा भाग पुस्तकात सापडेल असा आहे, म्हणून तो लवकर सांगून टाकते. रक्तातील साखर आटोक्यात हवी. तंबाखू आणि सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद हवी, कारण निकोटीनमुळे जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरून येतात. नाकातील जंतूंची तपासणी करायची आणि गरज असेल तर पाच दिवस मलम द्यायचे. जंतुनाशक द्रावणाने अंघोळ करायला सांगायची. प्रतिजैविकाचे इंजेक्शन चीर देण्याआधीच्या तासाभरात गेलेच पाहिजे. या प्रत्येक गोष्टीमागे एकच भीती आहे. जिवंत ऊतींमध्ये थोडे जंतू शिरले तर शरीर त्यांचा बंदोबस्त करते, परंतु तेच जंतू उपकरणाच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसले, तर तिथपर्यंत ना पेशी पोहोचतात ना औषध, आणि शेवटी पुष्कळदा उपकरणच काढावे लागते. ज्या माणसाने आयुष्यात आधीच अनेक शस्त्रक्रिया सोसल्या आहेत, त्याला "बसवलेले काढावे लागेल" असे सांगण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे, आणि ते सांगणे मला अजूनही जड जाते.

माझ्याकडूनही चूक झाली आहे, आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीच्या काळात एका रुग्णाच्या औषधांची यादी मी केवळ आमच्या नोंदींवरून तयार केली. हृदयासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केलेली रक्त पातळ करणारी गोळी त्या नोंदींत नव्हती, आणि मी त्यांना घरातल्या डब्यातील औषधे एक एक करून वाचून दाखवायला सांगितले नव्हते. सकाळी ते उपाशीपोटी येऊन, कपडे बदलून, खाटेवर पडले होते, तेव्हा भूलतज्ज्ञांनी सहज विचारले आणि गोळी आदल्या रात्रीही घेतल्याचे कळले. मज्जारज्जूभोवतीच्या अरुंद जागेत रक्तस्राव झाला, तर दाब पडून पाय कायमचे लुळे पडू शकतात, म्हणून शस्त्रक्रिया तिथेच थांबवली. हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन, गोळी ठरल्याप्रमाणे थांबवून, नवी तारीख मिळेपर्यंत काही आठवडे गेले. ते मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले. तेव्हापासून औषधांचा डबा फोनजवळ आणून प्रत्येक पाकिटावरचे नाव वाचून घेतल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.

भुलीतून जागे होण्याच्या क्षणाविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे. युद्धाचा अनुभव घेतलेली काही माणसे भूल उतरताना अचानक घाबरून उठतात, नळ्या ओढतात, जवळ असलेल्याला ढकलतात. ती त्या क्षणी रुग्णालयात नसतात. ज्यांना दुःस्वप्ने पडतात, झोपेत हात चालतो, मोठा आवाज सहन होत नाही, त्यांच्या बाबतीत ही शक्यता आधीच ओळखता येते, पण त्यासाठी कोणीतरी आधी, एकांतात, घाई न करता विचारलेले असावे लागते. विचारले की मी ते भूलतज्ज्ञांना आणि रिकव्हरीतल्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठेवतात त्या खोलीतल्या, सहकाऱ्यांना कळवते. मग खोलीत आवाज कमी ठेवतात, हात बांधत नाहीत, मागून कोणी स्पर्श करत नाही, आणि पायाच्या बाजूला उभे राहून नावाने हाक मारली जाते. हाक कोणत्या नावाने मारायची, हेसुद्धा मी आधी विचारून ठेवते. काहींना घरातले लाडके नाव ऐकायचे असते. एका गृहस्थांनी मला सांगितले होते की, त्यांना हुद्द्याने अजिबात हाक मारू नये, कारण हुद्दा कानावर पडला की त्यांचे शरीर आधी उठते आणि डोळे नंतर उघडतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वर लिहिलेल्या गोष्टींपैकी छर्रे, कमी सांगितलेला आकडा, डब्यातली गोळी, हाक मारण्याचे नाव, यांतली एकही गोष्ट मला पहिल्या पाच मिनिटांत कळलेली नाही. पहिल्या संभाषणाला मला पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त, आणि बहुतेक महत्त्वाची वाक्ये शेवटच्या दहा मिनिटांत येतात. कामाच्या हिशेबात मात्र त्या पाऊण तासाची नोंद "एक फोन" अशी होते, आणि तारीख कळवणारा दोन मिनिटांचा फोनही "एक फोन" असतो. हे चुकीचे आहे. पहिले संभाषण उपचाराचाच भाग मानले जावे, त्यासाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवलेला असावा, आणि ज्या परिचारिकेने ते केले, तिच्याकडेच तो रुग्ण पुढेही राहावा, असे माझे ठाम मत आहे. परिचारिका रजेवर जाणार, बदली होणार, निवृत्त होणार, हे मला मान्य आहे. तेव्हा काम हाती घेणाऱ्या सहकाऱ्याने जुन्या परिचारिकेसोबत बसून प्रत्येक रुग्णाबद्दल ऐकावे आणि रुग्णाला नवे नाव फोन करून सांगावे. ज्याच्या डोक्याला स्फोटाचा धक्का बसला आहे आणि ज्याला कालचे आज आठवत नाही, अशा माणसाला प्रत्येक वेळी नव्या आवाजापुढे पहिल्यापासून सगळे सांगायला लावणे मला क्रूर वाटते.

आणि उपकरण बसवल्यावर हे नाते संपत नाही. कॉक्लियर इम्प्लांटचे बाहेरचे यंत्र शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी सुरू होते, आणि पहिल्या दिवशी माणसांचे आवाज इतके यांत्रिक वाटतात की, अनेकांना फसवले गेल्यासारखे वाटते. कानाला शब्द ओळखता येण्यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो. पेसमेकरची बॅटरी काही वर्षांनी संपते. स्टिम्युलेटर असलेल्या माणसाला एमआरआयपूर्वी उपकरणाचे नेमके मॉडेल सांगावे लागते, आणि काही भौतिकोपचार त्याने कधीच घ्यायचे नसतात. हे सगळे निघताना दिलेल्या कागदात लिहिलेले असते, आणि तो कागद वर्षभरात कपाटात जातो.

काही दिवसांपूर्वी दुपारी मला एका जुन्या रुग्णाचा फोन आला. त्यांच्या पाठीत स्टिम्युलेटर बसवून दोन वर्षे झाली होती. खांदा दुखतो म्हणून ते भौतिकोपचारासाठी गेले होते आणि तिथूनच बोलत होते. "सिस्टर, इथे शेक देणारे यंत्र लावणार आहेत. डायथर्मी की काय म्हणतात. तुम्ही काहीतरी सांगितले होते, पण आठवत नाही. चालेल ना?" डायथर्मीची ऊर्जा त्या तारांमधून वाहून टोकाशी, म्हणजे थेट मज्जारज्जूजवळ, उष्णता निर्माण करू शकते, मग यंत्र खांद्यावर लावलेले असो की गुडघ्यावर. मी त्यांना टेबलावरून उतरायला सांगितले, पाकिटातले उपकरणाचे कार्ड काढून तिथल्या उपचारकाच्या हातात द्यायला सांगितले, आणि तो उपचारक फोनवर येईपर्यंत वाट पाहत राहिले.