आजार खरा, पण नोकरीमुळे नाही म्हणे

बाबा लष्करातून निवृत्त झालेत, काल त्यांच्या डिसॅबिलिटी पेन्शनच्या दुसऱ्या अपिलाचं उत्तर आलं आणि डोकंच फिरलंय. परत तेच वाक्य, नाईदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस, म्हणजे आजार लष्करी नोकरीमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. पहिल्या पत्रातलं जसंच्या तसं उचलून टाकलंय, फाईल उघडून तरी बघितली का कुणी?? कारण काय, तर बीपीचा त्रास पहिल्यांदा सापडला तो पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर. अहो पण त्याच्या आधी अडीच वर्षं माणूस फील्डला होता, ती उंची, ती थंडी, रात्र रात्र ड्युटी, झोपेचा पत्ता नाही, त्याचा काहीच हिशोब नाही? आजार काय पोस्टिंग ऑर्डर बघून येतो का?

भरतीच्या वेळी छाती, डोळे, कान, सगळं तपासून फिट म्हणून आत घेतलं. 22 वर्षांनी सोडताना यांच्याच मेडिकल बोर्डाने 30 टक्के डिसॅबिलिटी लिहिली, तीही आयुष्यभरासाठी. म्हणजे आजार मान्य आहे, टक्के मान्य आहेत, फक्त पेन्शन द्यायची वेळ आली की तो आजार बाबांचा खाजगी!

आणि कायदा काय सांगतो? 2013 मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं काम जवानाचं नाही, सरकारचं. सुप्रीम कोर्टाच्याच 2014 च्या राम अवतार निकालाप्रमाणे 30 टक्के राउंड ऑफ करून 50 धरून पेन्शन मिळायला हवी. मग बोर्ड अजून एका ओळीत नाही लिहून मोकळं कसं होतं? निकाल एकदा लागलाय ना, तरी प्रत्येक हवालदाराने, प्रत्येक नायकाने आपापला वकील करून सैन्यदलांच्या ट्रिब्युनलमध्ये जायचं, तारखांना खेपा घालायच्या, आणि जिंकला तरी सरकार वर हायकोर्टात जाणार. बीपीच्या पेशंटला!! किती जण मधेच सोडून देतात, आणि मला तर वाटतं यांना तेच हवंय.

बाबांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि डिस्चार्ज बुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिलं. म्हणाले, जाऊ दे, वरिष्ठांनी विचार करूनच लिहिलं असेल. अजूनही विश्वास आहे हो त्यांचा त्या शिक्क्यावर, मला त्याचाच जास्त संताप येतोय. सोमवारी मी वकिलाकडे जातेय, ती पिशवी घेऊन.