हत्ती ट्रकातून येत नाहीत, मामा

परवा दोडामार्गाहून मामाचा फॉरवर्ड आला. खाली त्याची स्वतःची ओळ: ‘आता ह्येंचो डोळो आपल्या बागायतीर.’ मेसेज असा: परदेशी संस्था हत्ती आणून सोडतात, बागा तुडवल्या गेल्या की कंटाळलेल्या शेतकऱ्याची जमीन मातीमोल भावाने घेतात आणि ‘कॉरिडॉर’च्या, म्हणजे हत्तींच्या येण्याजाण्याच्या मार्गाच्या, नावाखाली गाव उठवतात. चार ग्रुपांवर मी तो बघून सोडून दिला होता. मामानेच पाठवल्यावर गप्प बसवेना.

हत्ती सोडतात म्हणे! खुराडं उघडून कोंबड्या सोडाव्यात तसे? रानटी हत्ती धरायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते, बेशुद्धीचं इंजेक्शन देणारा डॉक्टर लागतो, शिकवलेले हत्ती आणि माहूत लागतात. २०१५ साली आमच्याच सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती धरायला खुद्द सरकारला कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणावे लागले. आणि कुणी रातोरात घाटातून कळप उतरवला, तो एकाही चहाच्या टपरीवर कळला नाही? दोडामार्गात हत्ती २००२ साली कर्नाटकातून आपल्या पायांनी आले. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या भारतीय संस्थेची ८८ हत्तीमार्गांची यादी २००५ ची. म्हणजे यादी निघायच्या तीन वर्षं आधीच हत्ती आमच्याकडे पोचले होते.

परदेशी नावावर सातबारा? फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी नागरिक सोडाच, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या अनिवासी भाच्यालाही इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. पैसा बाहेरून येतो, हे मात्र खरं. वायनाडच्या तिरुनेल्ली-कुद्रकोट मार्गासाठी ब्रिटनच्या वर्ल्ड लँड ट्रस्टने मदत केली होती. पण जमिनीचं पुढे काय होतं तेही बघा. कर्नाटकात एडयारहळ्ळी-दोड्डसंपिगे मार्गातली पंचवीसेक एकर जमीन वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने विकत घेतली आणि राज्याच्या वनखात्याकडे सोपवली.

मातीमोल भावाचं म्हणाल, तर मामाने आज बाजारात जमिनीच्या एखाद्या एजंटाला दर विचारून यावं.

गाव उठवण्याबद्दल थोडं नमतं घेतो. वायनाडात वस्त्या खरंच हलल्या. लोकांच्या संमतीने हलल्या, दुसरीकडे घर-जमीनही मिळाली. पण दरवर्षी ज्याचं पीक तुडवलं जातं, त्याची संमती कितपत मोकळी? मेसेजवाल्याने एवढंच विचारलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

हे सगळं मामाला लिहून पाठवलं. उत्तरात फोटो आला: पहाटे आडवा केलेला माड, गाभा ओरबाडून खाल्लेला, बाजूला चिखलात परातीएवढा पायाचा ठसा. खाली एकच ओळ: ‘पंचनाम्याक कोण येतलो, तां सांग.’