आधी सांगा, कोणता खेळ खेळलात?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी ईए कंपनीचा ‘ईए स्पोर्ट्स एफसी २६’ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम बाजारात आला. तेव्हापासून आमच्या सांगली-मिरजेच्या मित्रमंडळींत त्याच्याविषयी जो वाद चालू आहे, तो मी मनापासून ऐकतो आहे आणि आता त्यावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. माधवनगरचा माझा शाळासोबती म्हणतो की गेल्या कित्येक वर्षांत फुटबॉलचा इतका चांगला व्हिडिओ गेम त्याने खेळलेला नाही. मिरजेचा माझा चुलतभाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो रोज रात्री ऑनलाइन खेळतो आणि त्याचे मत अगदी उलट आहे. दोघांनीही पदरचे पैसे मोजून गेम घेतला आहे, दोघांनाही फुटबॉल कळतो आणि दोघांपैकी कोणीही उगाच बोलणारा नाही.

या वेळी गेममध्येच दोन वेगळ्या जुळण्या, म्हणजे खेळ कसा चालावा याच्या तयार सेटिंग्ज, दिलेल्या आहेत. अल्टिमेट टीम (खेळाडूंची कार्डे जमवून आपला संघ बांधायचा) आणि क्लब्स (मित्रांनी मिळून एका संघात खेळायचे) यांसारख्या ऑनलाइन प्रकारांसाठी ‘कॉम्पिटिटिव्ह’, तर घरी एकट्याने एखादा संघ हंगामामागून हंगाम चालवायच्या करिअर मोडसारख्या प्रकारांसाठी ‘ऑथेंटिक’. पहिलीत वेग आणि बटणाला मिळणारा तत्काळ प्रतिसाद महत्त्वाचा, दुसरीत खऱ्या सामन्यासारखी संथ, अडखळत पुढे सरकणारी लय महत्त्वाची. आदल्या वर्षीच्या एफसी २५ मध्ये ‘सिम्युलेशन’ नावाची जुळणी होतीच, पण तेव्हा ती कोपऱ्यात पडलेली सोय होती. आता कंपनीने गेमची मांडणीच दोन भागांत केली आहे आणि खेळाडूंच्या सूचना ऐकून हे केल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. म्हणजे एकाच डिस्कवर दोन गेम आहेत. असे असताना ‘एफसी २६ चांगला की वाईट’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

मी स्वतः ऑथेंटिकच्या बाजूचा आहे. त्याचे कारण नीट सांगायचे, तर मला कोल्हापूरला जावे लागेल.

विश्रामबागेतून निघाले की पन्नासेक किलोमीटरवर शाहू स्टेडियम आहे. आमच्या सांगलीत कुस्ती, कबड्डी आणि व्हॉलीबॉल यांचा मान मोठा, पण फुटबॉल पाहायचा तर कोल्हापूरच गाठावे लागते. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम या कोल्हापूरच्या फुटबॉल संघांचा सामना ज्यांनी दगडी पायऱ्यांवर बसून पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. पहिली वीस मिनिटे दोन्ही संघ जिवाच्या आकांताने पळतात. मग ऊन आणि धाप आपले काम करू लागतात. टणक जमिनीवर चेंडू भलतीच उसळी घेतो, सोपा पास दोन फूट मागे पडतो, आणि सत्तराव्या मिनिटाला बाजूने पळणारा खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा राहतो. सामना बहुतेक वेळा मधल्या पट्ट्यात अडकून पडतो आणि तिथून तो कोण सोडवतो, हे पाहण्यासाठी माणसे घसा फोडून ओरडत असतात.

फुटबॉलचे हे अडकणे व्हिडिओ गेममधून वर्षानुवर्षे हरवले होते. एक थ्रू बॉल, एक वेगवान विंगर आणि गोलकीपरच्या समोर एकटा स्ट्रायकर, एवढ्यावर सामने निकाली निघत. गेल्या महिन्यात माधवनगरच्या मित्राकडे ऑथेंटिकवर खेळत असताना माझा उजवा विंगर पंचाहत्तराव्या मिनिटाला मोकळा सुटला. जुन्या सवयीने मी धावण्याचे बटण दाबून धरले. तो चार पावले पुढे गेला आणि तेवढ्यात मागून आलेल्या ताज्या दमाच्या बॅकने त्याला गाठले. बदली खेळाडू मी साठाव्या मिनिटालाच आणायला हवा होता आणि ती चूक माझी होती. मित्र शांतपणे म्हणाला, “बघ, शाहू स्टेडियमवर असंच होतं.” माझ्या दृष्टीने या आवृत्तीची याहून मोठी पावती नाही.

चुलतभावाचे म्हणणे मात्र मी हलके समजत नाही. “दादा, समोर पण माणूसच बसलेला असतो. बटण दाबल्यावर खेळाडू वळायलाच पाहिजे,” असे तो म्हणतो आणि ते बरोबर आहे. स्पर्धेत हरलो तर स्वतःच्या चुकीने हरावे, गेमने ठरवलेल्या चेंडूच्या उसळीमुळे किंवा थकव्यामुळे नव्हे, ही अपेक्षा न्याय्यच आहे. त्याला बुद्धिबळासारखी शिस्त हवी आहे आणि मला मैदानासारखा बेभरवसा हवा आहे. इतकी वर्षे या दोन्ही मागण्या एकाच गेमवर लादल्या जात होत्या आणि दर पॅचनंतर, म्हणजे गेममधल्या दर दुरुस्तीनंतर, कोणी ना कोणी नाराज होत होते.

इथे थोडे मागे वळून पाहणे गरजेचे आहे. आमची पिढी गणपती पेठेजवळच्या एका सायबर कॅफेत कोनामी कंपनीच्या प्रो इव्होल्यूशन सॉकर ६ या फुटबॉल गेमवर वाढली. एकाच कीबोर्डवर दोघे खेळायचे, एकाची बोटे बाणांवर आणि दुसऱ्याची डावीकडच्या अक्षरांवर. दोघांनी एकदम चार-पाच बटणे दाबली की एखादे बटण दबायचेच नाही. लिव्हरपूलचे नाव तिथे ‘मर्सीसाइड रेड’ असे असायचे, कारण कोनामीकडे खरी नावे वापरण्याचे परवाने नव्हते. तरीही इंटरच्या आद्रियानोच्या डाव्या पायाचा फटका आणि मास्टर लीग या प्रकारातला कास्टोलो नावाचा काल्पनिक खेळाडू आम्हाला आजही आठवतो, कारण मैदानावरचा खेळ खरा वाटायचा. पुढे २०२१ मध्ये कोनामीने त्या मालिकेचे नाव बदलून ईफुटबॉल केले, गेम फुकट दिला आणि तो इतक्या कच्च्या अवस्थेत आणला की स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर नापसंतीचा पूर आला आणि कंपनीला माफी मागावी लागली. तिकडे ईएच्या गेमचे १९९३ पासून चालत आलेले फिफा हे नाव ‘फिफा २३’ बरोबर संपले आणि २०२३ पासून एफसी हे नाव आले. नाव बदलले, पण तगडा प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यामुळे कन्सोलवर फुटबॉल खेळणाऱ्यापुढे दुसरा पर्याय जवळजवळ उरला नाही. म्हणूनच खेळाडूंनी स्पष्ट आणि नेमके बोलणे आज पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे.

माझी खरी काळजी पुढे आहे. २००९ मध्ये सुरू झालेला अल्टिमेट टीम हा प्रकार ईए कंपनीसाठी केवढा मोठा आहे, हे तिच्याच अहवालावरून कळते. २०२१ च्या आर्थिक वर्षात तिच्या सगळ्या खेळांतील अल्टिमेट टीमचे उत्पन्न १६२ कोटी डॉलर होते, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या जवळपास २९ टक्के. त्यातले पॅक, म्हणजे आत कोणते खेळाडू निघतील हे आधी न कळणारी कार्डांची पाकिटे, बेल्जियममध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणल्यावर २०१९ मध्ये तिथे ती घेण्यासाठी लागणाऱ्या फिफा पॉइंट्सची विक्री थांबवावी लागली, पण इतरत्र हा व्यवहार चालूच आहे. जिथून पैसा येतो तिथला आवाज आधी ऐकला जाणार, हे उघड आहे. ऑनलाइन खेळणारी मुले रोज खेळतात, रोज लिहितात, व्हिडिओ टाकतात. माझा मित्र शनिवारी रात्री दुकान बंद केल्यावर दोन सामने खेळतो आणि झोपतो. तो कुठेही काही लिहीत नाही, त्यामुळे त्याचे मत कोणाच्या हिशेबातच येत नाही.

दोन जुळण्या वेगळ्या केल्यामुळे एकीत केलेला बदल दुसरीला न लागण्याची सोय आता झाली आहे. ती सोय शेवटपर्यंत पाळली जावी, एवढीच माझी मागणी आहे. ऑनलाइनवाल्यांसाठी बचाव सैल करायचा असेल तर जरूर करावा, पण त्याच पॅचने करिअरमधला बचावही सैल होऊ नये. हे टिकायचे असेल, तर शनिवारी दोन सामने खेळणाऱ्यांनीही आता लिहिले पाहिजे.

मोबाइलवर ईफुटबॉल खेळणाऱ्या आमच्या भाच्यांचा प्रश्न वेगळा आहे. कन्सोल आणि वर गेमचे हजारो रुपये त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहेत आणि त्यांच्या मताला तितकेच वजन असायला हवे, पण त्यावर स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

या पोस्टखाली मत देणाऱ्यांना एक विनंती आहे. आपण कोणत्या जुळणीवर खेळता, किती मिनिटांचा हाफ ठेवता, डिफिकल्टी कोणती आणि ऑनलाइन की घरी, हे आधी लिहावे आणि मगच चांगले-वाईट सांगावे. माझे आधी सांगतो: ऑथेंटिक, आठ मिनिटांचा हाफ, वर्ल्ड क्लास, मॅनेजर करिअर, दुसरा हंगाम. बचावात उंच सेंटर बॅक कमी पडतो आहे आणि कॉर्नरवर मी फार गोल खातो आहे. यावर कोणाकडे उपाय असेल तर तोही अवश्य लिहावा.