‘कायदे चालतच नाहीत’ म्हणणाऱ्या टेक्सासकरांना

नमस्कार टेक्सासकर,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, तेव्हा दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अमेरिकेतले बंदुकीचे कायदे लंगडे पडतात, कारण मंजूर करतानाच त्यांचा एक पाय बांधलेला असतो. त्यावर टेक्सासकरांचं म्हणणं असं: गुन्हेगार कायदा पाळतच नाही, जाच होतो तो सरळ माणसाला, शिकागोत एवढे कडक कायदे, तरी तिथे मुडदे पडतातच, त्यांच्या काउंटीत शेरीफचा माणूस यायला चाळीस मिनिटं लागतात, सदर्लंड स्प्रिंग्जमध्ये लोकांना वाचवलं ते बंदूक असलेल्या शेजाऱ्याने, ब्रिटिशांनी 1878 चा शस्त्र कायदा करून आपल्याला लुळं केलं हे आपण इतक्यात विसरलो, आणि पुण्यात बसून मला यातलं काय कळणार? वर ‘या एकदा, नेमबाजीच्या रेंजवर नेतो’ असं आमंत्रणही आहे. त्याबद्दल शेवटी.

सदर्लंड स्प्रिंग्जपासूनच सुरू करतो, कारण उदाहरण तुमच्या राज्यातलं आहे आणि तुम्हीच दिलेलं आहे.

5 नोव्हेंबर 2017, रविवार. सॅन अँटोनिओजवळच्या या छोट्या गावात चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना एकाने रायफल चालवून 26 जणांचा जीव घेतला. त्यात एक पोटातलं बाळही धरलेलं आहे. जवळच राहणारा एक प्लंबर, जो पूर्वी एनआरए या बंदूकमालकांच्या बलाढ्य संघटनेचा प्रशिक्षक होता, आवाज ऐकून आपली एआर-15 रायफल घेऊन अनवाणी धावला. त्याने हल्लेखोराला जखमी केलं, आणि तो गाडीतून पळाला तेव्हा एका अनोळखी पिकअपवाल्याला सोबत घेऊन त्याचा पाठलागही केला. त्या माणसाच्या धैर्याला तोड नाही. तो धावला नसता तर आणखी माणसं गेली असती, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण हल्लेखोराकडे रायफल आली कुठून, हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. हा गृहस्थ पूर्वी हवाई दलात होता. बायकोला मारहाण आणि तिच्या तान्ह्या मुलाची कवटी फोडणं, यासाठी 2012 मध्ये त्याचं कोर्ट मार्शल होऊन त्याला वर्षभराची कैद झाली होती. असा गुन्हा सिद्ध झालेल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. तरी तो दुकानात गेला, 4473 नावाचा फॉर्म भरला, दुकानदाराने नियमाप्रमाणे एफबीआयच्या यंत्रणेत बॅकग्राउंड चेक केला, म्हणजे त्याचा पूर्वेतिहास तपासला, आणि उत्तर आलं, हरकत नाही. कारण हवाई दलाने त्याच्या शिक्षेची नोंद एफबीआयला कधी पाठवलीच नव्हती. पुढे 2021 मध्ये टेक्सासमधल्याच फेडरल न्यायाधीशांनी या हत्याकांडाची 60 टक्के जबाबदारी सरकारवर टाकली.

म्हणजे तुमचा ‘कायदा न पाळणारा गुन्हेगार’ रीतसर काउंटरवर उभा राहून फॉर्म भरत होता. आणि तो एकटाच नव्हे. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्यानेही पिस्तूल दुकानातूनच घेतलं. त्याच्यावर अमली पदार्थांचं प्रकरण होतं, एफबीआयची कर्मचारी त्याचे कागद शोधत होती. पण कायद्यात अशी तरतूद आहे की कामकाजाच्या तीन दिवसांत नकार आला नाही तर दुकानदार विक्री करू शकतो. कागद चुकीच्या कार्यालयात शोधले गेले, तीन दिवस उलटले, पिस्तूल विकलं गेलं. ही मुदत कायद्यात घातली गेली 1993 साली, दुकानातल्या विक्रीला असा चेक सक्तीचा करणारा ब्रेडी कायदा पास करून घेताना झालेल्या घासाघिशीत. बांधलेला पाय म्हणतो तो हा.

आता बंदूक विकली गेल्यानंतरचं. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाचं गाव आहे. गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणी घेतली होती हे शोधायचं देशातलं एकमेव केंद्र तिथे आहे, दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या एटीएफ या फेडरल खात्याचं. पोलिसांकडून चौकशी आली की तिथला माणूस आधी कारखान्याला फोन करतो, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला, आणि दुकानदार आपल्या कपाटातून तो फॉर्म काढून नाव सांगतो. दुकान बंद पडलेलं असेल तर त्याची दप्तरं मार्टिन्सबर्गला येऊन पडलेली असतात. हाताने लिहिलेली, कधी भिजून चिकटलेली. खोक्यांचा ढीग इतका वाढला की इमारतीच्या फरशीला भार झेपेना, म्हणून बाहेर पार्किंगमध्ये कंटेनर उभे करून त्यात खोकी रचली. कागद स्कॅन करतात, पण नाव टाइप करून शोधता येईल अशी सोय करायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे माणूस पडद्यासमोर बसून पान पान उलटतो. वर्षाला लाखो चौकश्या येतात, आणि हे 2020 च्या दशकात, ज्या देशाने गूगल काढलं त्या देशात!

हे कोणाच्या आळसाने झालेलं नाही. 1986 च्या कायद्याने बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला स्पष्ट बंदी घातली. त्यामागची भीती तुम्ही लिहिली आहेच: आज यादी, उद्या जप्ती. भीती खरी मानली तरी किंमत कोण मोजतं तेही लिहायला हवं. खुनाचा तपास करणारा हवालदार मोजतो. आणि मग तुमच्यासारखे लोक विचारतात, एवढे कायदे आहेत, उपयोग काय झाला?

शिकागोबद्दल फार लिहीत नाही. तिथली पिस्तूलबंदी 2010 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. आणि शहरानेच 2017 मध्ये काढलेल्या अहवालात जप्त बंदुकांपैकी सुमारे 60 टक्के राज्याबाहेरून आलेल्या निघाल्या, त्यातही सर्वांत मोठा वाटा शेजारच्या इंडियानाचा. तिथे खासगी विक्रीला चेक लागत नाही. गाडीने तासाभराचं अंतर आहे.

‘घटनेने दिलेल्या हक्काला मर्यादा नसते’ हे तुमचं वाक्य मात्र तुमच्या बाजूचे न्यायाधीशही मान्य करणार नाहीत. बंदूक हा व्यक्तीचा हक्क आहे असं 2008 च्या हेलर निकालात ठरवणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलियांनीच त्याच निकालात लिहून ठेवलंय की हा हक्क अमर्याद नाही. 2022 च्या ब्रुएन निकालाने दार बरंच उघडलं हे खरं. तेव्हापासून आजच्या कायद्याला इतिहासातला जुळता कायदा दाखवावा लागतो. त्या जोरावर तुमच्याकडच्या फिफ्थ सर्किट या फेडरल अपील न्यायालयाने थेट असं ठरवलं की घरगुती हिंसाचारावरून कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्या माणसाचीही बंदूक काढून घेता येणार नाही. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये आठ विरुद्ध एक असा फिरवला. सहा पुराणमतवादी न्यायाधीशांपैकी पाच त्या आठांत होते. सदर्लंड स्प्रिंग्जच्या हल्लेखोराचा इतिहास आठवा, म्हणजे हा निकाल का महत्त्वाचा ते कळेल.

शेरीफच्या चाळीस मिनिटांवर माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायची इच्छाही नाही. 2022 मध्ये तुमच्याच राज्यात युवाल्डीच्या शाळेत हल्लेखोर शिरला तेव्हा तर पोलीस मिनिटांत पोचले, पुढे संख्या 376 वर गेली, आणि तरी वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. हे पाहिलेल्या टेक्सासच्या माणसाला ‘पोलिसांवर सोडा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तुम्ही घरात बंदूक ठेवता याला माझा आक्षेप नाही, मागच्या लेखातही नव्हता. मी फक्त एवढं विचारेन की ती कुलपात आहे का. कारण 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,728 माणसं गेली, त्यातल्या 27,300 आत्महत्या होत्या. चोराची वाट पाहत ठेवलेली बंदूक बहुतेक वेळा घरच्याच माणसावर चालते, आणि या आत्महत्यांचं प्रमाण तुमच्यासारख्या ग्रामीण भागात जास्त आहे. दोन्ही पक्षांच्या भाषणांत या आकड्याला फारशी जागा मिळत नाही.

एनआरए सगळं पैशाने विकत घेते, असं मी लिहिलंय असं तुम्ही गृहीत धरलंत. मी तसं लिहिलेलं नाही आणि मला ते पटतही नाही. तिचा वर्षानुवर्षांचा म्होरक्या वेन लापिएर 2024 मध्ये पायउतार झाला, न्यूयॉर्कच्या ज्युरीने संस्थेचा पैसा उधळल्याबद्दल त्याला दोषी धरलं, संस्था खिळखिळी झाली; सिनेटमधली मतं कुठे हलली? ज्या मतदाराचं मत फक्त बंदुकीवर ठरतं तो मतदार हीच खरी ताकद आहे. सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर 2013 मध्ये बॅकग्राउंड चेक वाढवणारं विधेयक 54 विरुद्ध 46 असं बहुमत मिळूनही पडलं, कारण सिनेटमध्ये शंभरातली 60 मतं लागतात, आणि चिमुकल्या लोकसंख्येच्या वायोमिंगलाही अवाढव्य कॅलिफोर्नियाइतकेच दोन सिनेटर.

1878 बद्दल तुमचं बरोबर आहे. तो कायदा आपल्याला नि:शस्त्र करण्यासाठीच होता आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. पण ही उपमा अमेरिकेला लावायची तर पूर्ण लावा. तिथे गुलामगिरी संपताच 1865 मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. आणि 1967 मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल संघटनेचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, तेव्हा भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर कोणी सही केली? गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. बंदुकीच्या हक्काचं प्रेम हात कोणाचा आहे ते बघून कमी-जास्त होत आलंय, हे दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे.

राहिलं आमंत्रण. मनापासून आभार, पण एक अडचण आहे. मी येणार तो टुरिस्ट व्हिसावर, आणि अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हासुद्धा फेडरल गुन्हा आहे. (एच-वन-बीवरची आपली मुलं व्हेगासला जाऊन फोटो टाकतात, त्यांनाही सांगा.) पण यात एक सवलत आहे, शिकारीचा परवाना असला तर चालतं. टेक्सास तो परदेशी पाहुण्याला ऑनलाइन विकतं. शिकार केलीच पाहिजे अशी अट नाही. तेव्हा तारीख कळवा, मी परवाना काढून ठेवतो.