करंजी, नेवरी आणि २५ डिसेंबर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नाताळच्या प्रथांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुम्ही चिडला आहात, पण लेख शेवटपर्यंत वाचून चिडला आहात, म्हणून दोन ओळींत उत्तर उरकणं मला बरं वाटलं नाही.

तुमचे मुद्दे इथे पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २५ डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा दिवस, तो चर्चने चोरला आणि मी ते झाकलं. नाताळच्या फराळातली नेवरी म्हणजे आपलीच करंजी, तीही उचललेली. सांताला लाल कपडे कोका-कोलाने दिले असं मी लिहिलं, ते चूक. आणि मार्गशीर्षातले गुरुवार सोडून मॉलमधून आलेल्या या परक्या सणावर लिहायचं कारण काय, त्याच्याशी मराठी माणसाचा संबंध काय?

सांताबद्दल तुमचं बरोबर आहे, मी चुकले. कोका-कोलाच्या जाहिरातींतला तो गुबगुबीत सांता हॅडन सुंडब्लोमने रंगवला १९३१ सालापासून. पण थॉमस नास्ट हा अमेरिकन व्यंगचित्रकार १८६३ पासून सांता काढत होता, आणि लाल झग्यातला सांता १९३१ च्या बराच आधी छापला जात होता. त्याच्याही मागे चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस आहे. हे मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. ऐकीव गोष्ट न तपासता लिहिली, ती दुरुस्त करते.

आता तारीख. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख दिलेलीच नाही, हे मी लेखात लिहिलं होतं. २५ डिसेंबरचा पहिला पक्का उल्लेख रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो, आणि त्यातली ती नोंद ३३६ च्या सुमाराची मानतात. गंमत अशी की त्याच संग्रहात, त्याच तारखेला, ‘अजिंक्या’चा जन्मदिवस आणि त्यानिमित्त रथांच्या तीस शर्यती अशीही नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्य, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या सूर्याचं मंदिर सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये उभारलं होतं. तुमचा मुद्दा इथूनच येतो आणि तो पोकळ नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस काही जुन्या ख्रिस्ती लेखकांनी २५ मार्च धरला होता. ज्या तारखेला मृत्यू त्याच तारखेला आईच्या पोटात येणं, अशी एक समजूत होती. तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे हाच हिशेब ६ एप्रिलपासून धरला तर ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन चर्च आजही येशूचा जन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. कोणी कोणाकडून घेतलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मग ‘चोरला’ असं छातीठोक मी कशी लिहू? रोमन लोकांच्या सॅटर्नेलिया या डिसेंबरातल्या उत्सवाचं म्हणाल, तर तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या आसपास संपायचा. २५ तारखेशी तो जुळत नाही.

तारखांच्या घोळाचं आपल्याला तरी नवल का वाटावं? टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत कधीकधी इतरांच्या महिनाभर आधी गणपती बसतात. त्यांचा गणपती खोटा असं कोणी म्हणत नाही. रशियात आणि इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण तिथलं चर्च जुनी कालगणना पाळतं आणि ती सध्या तेरा दिवस मागे आहे.

तुमच्यासारखाच आक्षेप खुद्द ख्रिस्ती लोकांनीही घेतला होता, आणि फार कडकपणे. बायबलात आधार नाही, हे सगळं रोमन मूर्तिपूजकांचं, असं म्हणत इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट, संसदेने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर या दिवसाची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. कायदे आले आणि गेले, लोकांनी सण सोडला नाही.

आता नेवरीकडे येते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य तेच.

आम्ही गिरगावात राहायचो, खोताच्या वाडीपासून चार पावलांवर. शेजारच्या मावशी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती. आमच्याकडे करंजीची कड कापायचं पितळी कातण होतं, आजीच्या वेळचं, त्याच्या चाकाचे दोन दात झिजलेले. दिवाळी झाली की ते कातण मावशींकडे जायचं आणि जानेवारीत परत यायचं. त्यामुळे आमच्या करंजीच्या आणि त्यांच्या नेवरीच्या कडेला एकाच जागी एकच सपाट खूण उमटायची. आई सारणात सुकं खोबरं, खसखस आणि पिठीसाखर घालायची, मावशी रवा, तीळ, चारोळी आणि बेदाणे. दिवाळीत आमचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं. ताट रिकामं परत द्यायचं नाही ही दोन्ही घरांची रीत, म्हणून मावशी त्यावर तेव्हाच्या तेव्हा मूठभर साखर ठेवायच्या, आणि खरी परतफेड नाताळला व्हायची. ताटात नेवऱ्या, मिल्क क्रीम ही दुधाची मिठाई आणि कुलकुल असायचे. कुलकुल मी त्यांच्याच ओट्यावर शिकले. पिठाची बोराएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि कडेने गुंडाळत सोडवायची, की शिंपल्यासारख्या रेघा उठतात. मग तळून पाकात.

आता सांगा, यात चोरी कुठे आहे? वसई पोर्तुगिजांकडे गेली १५३४ साली. त्यांच्या राज्यात देवळं पडली, जबरदस्ती झाली, ते मी लपवत नाही आणि त्याला नटवूनही लिहिणार नाही. पण ज्या कोळी, भंडारी, कुणबी, ब्राह्मण घरांनी धर्म बदलला, त्यांनी आपली चूल आणि जिभेची चव सोबत आणली. स्वतःच्या आजीच्या डब्यातली करंजी कोणी चोरतं का? गोव्यात हिंदू घरांतही चतुर्थीला नेवऱ्याच करतात, हाच शब्द वापरून.

आणि ‘परका सण’ हे मला मुळीच पटत नाही. ख्रिसमस ट्री ज्याला आपण अस्सल इंग्रजी समजतो, त्याची जुनी नोंद आहे आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्गची, १६०५ सालची. झाडाला कागदी गुलाब आणि सफरचंदं लावल्याची. लंडनच्या सर्वसामान्य घरांत ते झाड रुजलं १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट झाडाभोवती उभे असल्याचं चित्र एका साप्ताहिकात आल्यावर. त्या वेळी वसई-साष्टीत नाताळ होऊन तीनशे वर्षं होत आली होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतरही तो चालूच राहिला. लंडनच्या घरातल्या झाडापेक्षा उत्तन-गोराईचा नाताळ जुना आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नावसुद्धा इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आलेल्यांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून १८८७ मध्ये घेतलं. त्यांची घरातली बोली मराठीच आहे. ख्रिस्ताची कथा ओवीत सांगणारं फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ चं, आणि त्यात त्यांनी मराठीची केलेली स्तुती आपण शाळेत अभिमानाने पाठ करतो. मग संबंध काय, हा प्रश्नच उरत नाही.

‘नाताळ’ हा शब्द बघा. पोर्तुगीज ‘नाताल’, त्यामागे लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा दिवस. ३५४ सालच्या त्या संग्रहात ‘अजिंक्या’साठी याच शब्दाचं आद्याक्षर लिहिलं आहे. तो शब्द आज तुमच्या-माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आहे.

जगभर असंच दिसतं. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसने गवताची गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला. आपल्या गावठाणांत पोरं गोठा करतात, आणि हिरवळ दिसावी म्हणून धान्य पेरून उगवतात, दिवाळीच्या किल्ल्यावर आपण हळीव पेरतो तसंच. पोलंडमध्ये २४ तारखेच्या रात्री टेबलक्लॉथखाली गवत पसरतात आणि अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. फिलिपाइन्समध्ये १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते. त्याबद्दल वाचताना मला काकड आरतीची थंडी आठवते. जपानमध्ये १९७४ च्या एका जाहिरातीनंतर लोक नाताळला केएफसीचं चिकन खायला लागले. ही शुद्ध बाजारपेठेची करणी आहे, आणि मॉलमधल्या कापसाच्या बर्फाबद्दल तुमची तक्रार मला मान्य आहे. तो बर्फ ना बेथलेहेमचा, ना वांद्र्याचा. पण मॉलवरचा राग वांद्र्यातल्या रानवारच्या किंवा माझगावातल्या माथारपाखाडीच्या जुन्या ख्रिस्ती घरांवर काढू नका.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांवर लिहायची तुमची सूचना घेतली आहे. आमच्याकडे घट मांडतात, त्यामुळे लिहिण्यासारखं बरंच आहे.

कोका-कोलाबद्दलचं वाक्य आज सकाळी बदललं. त्याखाली ‘एका वाचकाने दाखवून दिल्यावर दुरुस्ती’ असं लिहिलं आहे. तुमचं नाव घालायचं असेल तर कळवा.