मशीनला राग येत नाही

"तू एवढा कोणावर चिडलेला असतोस रे?" माझ्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारा आवाज ऐकून एका मित्राने परवा विचारलं. मस्करीच होती, पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण खरं उत्तर 'कोणावरच नाही' असं आहे आणि ते कुणालाच पटत नाही. जड, कर्कश, अंगावर येणारं संगीत ऐकणारा माणूस आतून धुमसतच असणार, हे लोकांनी ठरवून टाकलेलं असतं. विशीत धुमसत असेल तर एकवेळ ठीक. चाळिशी ओलांडूनही हेच ऐकतोय म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय!

तेव्हा तो जे ऐकून हे म्हणाला, त्याबद्दलच लिहितो. गॉडफ्लेश या बँडचा 'स्ट्रीटक्लीनर' हा अल्बम, १९८९. कारखान्यातल्या यंत्रांसारखं वाजणारं जड संगीत. इंडस्ट्रियल मेटल म्हणा, इंडस्ट्रियल रॉक म्हणा, मी भांडणार नाही.

बँड म्हणजे बर्मिंगहॅमची दोन माणसं. जस्टिन ब्रॉडरिक गिटार वाजवतो आणि गातो (गातो हा शब्द जरा सैलच वापरलाय), जी. सी. ग्रीन बेस वाजवतो. काही गाण्यांत पॉल नेव्हिलची गिटारही आहे. ड्रमर नाही. त्या जागी ड्रम मशीन, म्हणजे ठरवून दिलेले ठोके वाजवणारं यंत्र. रेकॉर्ड आली तेव्हा ब्रॉडरिक जेमतेम वीस वर्षांचा होता आणि तोवर त्याचं बरंच काही करून झालं होतं. नेपाम डेथ या सुसाट वाजवणाऱ्या बँडच्या 'स्कम' या १९८७ च्या पहिल्या अल्बमची पहिली बाजू त्याच्या गिटारवर आहे. त्या बाजूवरचं एक गाणं सेकंद-सव्वा सेकंदाचं आहे, जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून ते गिनीज बुकात गेलं. म्हणजे वेगाचं टोक या पोराने मिसरूड फुटायच्या वयातच गाठलं होतं. त्यानंतर हेड ऑफ डेव्हिड नावाच्या बँडमध्ये तो चक्क ड्रम्स वाजवत होता.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला स्वतःला ड्रम्स वाजवता येतात, त्याने मशीन निवडलं. आणि ज्याने वेग पाहिला होता, त्याने लय संथ केली.

ड्रमर कितीही शिस्तीचा असला तरी माणूस असतो. गाणं रंगात आलं की त्याचा हात किंचित पुढे पळतो. कोरसच्या आधी तो एक लांबलचक रोल टाकतो आणि आपल्याला कळतं, आता काहीतरी होणार. रॉकमधला निम्मा थरार या 'आता होणार'वरच उभा आहे. 'स्ट्रीटक्लीनर'मध्ये ते होणार येतच नाही. पहिल्या मिनिटाला ठोका जसा पडतो तसाच पाचव्या मिनिटाला पडतो. ब्रॉडरिक घसा फाडून ओरडो, गिटार फीडबॅकमध्ये विव्हळो, मशीनला त्याचं सोयरसुतक नाही. पायाचे खांब जमिनीत ठोकणारं यंत्र पाहिलंय? तसं. त्या खांबाबद्दल त्याच्या मनात काही नसतं.

एरवी रॉकमध्ये बेस हा गिटारच्या सावलीत राहणारा बिचारा प्राणी. इथे गाणं ओढतो तो ग्रीनचा खरबरीत बेसच, आणि गिटार वरून पत्र्यावर खिळा ओढत जाते. हे वाचून कुणाला ऐकावंसं वाटेल असं नाही, याची मला कल्पना आहे. पण दुसरं गाणं, 'क्राइस्टबेट रायझिंग', लावून बघा. मान आपोआप डोलायला लागते. ब्रॉडरिकवर हिप-हॉपच्या ठेक्यांचा मोठा प्रभाव होता आणि तो इथे स्वच्छ ऐकू येतो. एवढ्या काळोख्या रेकॉर्डमध्ये नाचरेपणा लपलेला आहे, हे माझ्या लक्षात यायला कित्येक वर्षं लागली.

तुलनेला नाइन इंच नेल्सचा 'ब्रोकन' (१९९२) घ्या. तो बँड म्हणजे मुळात एकटा ट्रेंट रेझ्नर. त्याचं तेव्हा स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीशी वाजलं होतं आणि हे रेकॉर्डिंग त्याने गुपचूप उरकलं. त्यातल्या 'विश'ला पुढे ग्रॅमी मिळालं. ते संगीत खरोखर रागावलेलं आहे, आणि त्या रागाला पत्ता आहे. कोरस येतो, स्फोट होतो, आपण मोकळे होतो. मलाही आवडतं. पण तो राग त्याचा. मी उसना घेतलेला. जेमतेम अर्ध्या तासाची रेकॉर्ड आहे तेच बरं.

'स्ट्रीटक्लीनर'मध्ये काय वेगळं आहे ते मला कळलं एमआरआयच्या नळकांड्यात. पाठीचं दुखणं होतं. आतल्या कॉइल्समधला विद्युतप्रवाह झपाझप बदलतो, चुंबकीय क्षेत्रात त्या थरथरतात आणि तो ठोकाठोकीचा आवाज होतो, हे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. त्याचा उपयोग शून्य. पहिली दोन-तीन मिनिटं छाती धडधडत होती. मग कधीतरी लक्षात आलं की श्वास त्या ठोक्यांच्या आसपास लागलाय आणि खांदे सैल झालेत. आवाज प्रचंड होता, पण त्याला माझ्याकडून काहीच नको होतं. मी घाबरलो म्हणून तो वाढणार नव्हता, शांत झालो म्हणून कमी होणार नव्हता. दिवसभर कानावर पडणारा बाकी प्रत्येक आवाज काहीतरी मागतच असतो. फोन मागतो, माणसं मागतात. गोड गाणी तर सगळ्यांत जास्त मागतात: आता हळवा हो, आता आठवण काढ!

तिथे आडवा पडल्या पडल्या मला पहिल्यांदा वाटलं, अरे, ही तर आपली रेकॉर्ड.

दोष आहेत. शब्द तुटपुंजे आहेत आणि समस्त मानवजातीचा जो तिटकारा त्यात भरलाय तो विशीतल्या मुलाचाच वाटतो. मी ते शब्द म्हणून ऐकतच नाही. सीडीवर 'टायनी टिअर्स' या वेगळ्या छोट्या संचाची चार गाणी शेवटी जोडलीत, त्यांची मुळीच गरज नव्हती. दहाव्या गाण्यावर, 'लोकस्ट फर्नेस'वर, थांबावं.

पुढे या लोकांनी माणसं बसवूनही पाहिली. १९९६ च्या अल्बमवर ब्रायन मँटिया, २००१ च्या 'हिम्स'वर टेड पार्सन्स. दोघेही पट्टीचे ड्रमर, आणि तरी त्या रेकॉर्ड ऐकताना मला चार लोक खोलीत वाजवतायत असंच वाटत राहतं. २००२ मध्ये बँड फुटला, २०१० मध्ये परत जमला, आणि २०१४ मध्ये नवा अल्बम आला तेव्हा ठोके पुन्हा मशीनचे होते. मी एकटाच घरात बसून टाळ्या वाजवल्या.

ऐकणार असाल तर कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गेला की उरतो तो नुसता गोंगाट, आणि मग तुम्ही मलाच शिव्या घालाल.

त्या दिवशी बाहेर आल्यावर तंत्रज्ञाने आपुलकीने विचारलं, "आवाजाचा फार त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, "नाही हो, बेस जरा कमी होता." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.